जाळीचा पॅन आणि मोठी आच

दुकानात परत आलेला पॅन उलटासुलटा करून पाहिला की तो घरी कसा वापरला गेला, हे मला बहुतेक वेळा सांगता येतं. बाहेरच्या भिंतीवर तपकिरी, चिकट पट्टा असेल तर तो मोठ्या बर्नरवर, ज्वाळा तळाच्या बाहेर येतील अशा आचेवर बसलेला असतो. दांड्याच्या रिव्हेटांभोवती पिवळा चिवट थर असेल तर रोज थोडं थोडं तेल तिथे राहून भाजलं गेलेलं असतं. आणि आतल्या षट्कोनी जाळीच्या स्टीलवर जांभळी-निळी झाक आली असेल तर पॅन रिकामाच शेगडीवर राहिला होता. फोन आला असेल, दारात कुरिअरवाला आला असेल, काहीतरी. गिऱ्हाइकाचं वाक्य तिन्ही वेळा एकच असतं. "वहिनी, नॉनस्टिक म्हणून दिलात, आणि हा तर चिकटतोय."

आमचं दुकान नाशिकच्या भांडी बाजारात. सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या उमेदीत तांबं-पितळ किलोवर जायचं. मग स्टील आलं, मग नॉनस्टिक. मी लग्न होऊन आले तेव्हा भांड्यांवर नाव घालायचं मशीन लग्नसराईत दिवसभर करकरत असायचं. आता रुखवताच्या यादीत पराती-डब्यांच्या खाली एक ओळ हमखास असते. कोणी "हनीकोंब" लिहितं, कोणी "हायब्रिड", कोणी मोबाइलवर शेफ गॉर्डन रॅमसेचा व्हिडिओ काढून "हा द्या" म्हणतं. व्हिडिओतला पॅन हेक्सक्लॅडचा. २०१६ साली अमेरिकेत निघालेल्या या कंपनीने जाळीचा पॅन जगभर गाजवला. आपल्याकडे आता बऱ्याच कंपन्या तसे बनवतात. हा पॅन विकताना मी जरा जास्त बोलते, आणि माझा मुलगा काउंटरवर असला की तो मला डोळ्यांनी "पुरे" म्हणतो. पण जे तिथे बोलायला वेळ मिळत नाही तेच इथे लिहिते आहे.

आधी हे भांडं आहे काय ते पाहू. गॅसच्या बाजूचा पत्रा ४३० नंबरच्या स्टीलचा, लोहचुंबक धरणारा. इंडक्शन चालतं ते त्याच्यामुळे. अन्नाच्या बाजूचा पत्रा ३०४ चा, म्हणजे बाजारात ज्याला १८/८ म्हणतात तो, १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलवाला. मध्ये ॲल्युमिनियम. तिन्ही दाबून एकजीव केलेले, म्हणून ट्रायप्लाय. ॲल्युमिनियम मध्ये का, तर ते उष्णता या स्टीलच्या जवळजवळ पंधरापट चांगली वाहून नेतं. नुसत्या पातळ स्टीलच्या कढईत ज्वाळा लागते तिथे गोल डाग पडून भाजी लागते आणि कडेचे बटाटे कच्चे राहतात. ट्रायप्लायमध्ये ती भानगड खूप कमी होते. इथपर्यंत हा चांगला स्टीलचा पॅन आहे, बाकी काही नाही.

पुढची करामत आतल्या पत्र्यावर. त्यावर षट्कोनी नक्षी अशी उठवतात की रेषा उंच राहतात आणि मधली घरं किंचित खोल. ही खोली नजरेला नीट दिसतही नाही, नखाला मात्र लागते. त्या घरांमध्ये नॉनस्टिकचा लेप बसवतात आणि रेषा उघड्या स्टीलच्या ठेवतात. उलथणं रेषांवरून सरकतं, लेप खाली आडोशाला राहतो. म्हणून जाहिरातीत स्टीलचा चमचा बिनधास्त फिरवून दाखवतात. ते खोटं नाही. पण त्या जाहिरातीने एक घोटाळा करून ठेवला आहे: लेपाला धोका चमच्याचा, असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. माझ्याकडे जे पॅन बिघडून आले त्यातले ओरखड्यांनी बिघडलेले थोडे. बाकीचे आचेने गेले, आणि आचेपुढे जाळीचा काही उपयोग नाही. लेप घरात असो की उघड्यावर, तो तापतो तेवढाच.

लेपाचं भांडं आपल्याला नवं नाही, ही गोष्ट मला अण्णांमुळे कळली. त्यांच्या तरुणपणी दुकानाबाहेर कल्हईवाला भाता लावून बसायचा. पातेलं तापवायचं, नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठला की कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने तो चकचकीत थर आतून पसरवायचा. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणून कल्हईचं पातेलं कोरडं चुलीवर ठेवायचं नाही, त्यात काही भाजायचं नाही, हे त्या पिढीतल्या बायकांना वेगळं सांगावं लागत नव्हतं. सासूने एकदा ओरडलेलं पुरायचं. आता टेफ्लॉनचा आकडा बघा. वापराची मर्यादा म्हणून सगळीकडे २६० अंश सांगतात. दोन्ही आकडे किती जवळ आहेत! फरक असा की कल्हई उडाली तर पुन्हा करून मिळायची. जाळीच्या पॅनवर पुन्हा लेप लावून देणारा कारागीर मला अजून कोणी भेटलेला नाही.

टेफ्लॉन हे पीटीएफई नावाच्या पदार्थाचं व्यापारी नाव. ते सापडलं अपघाताने. ६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सीत, ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत, रॉय प्लंकेट हा सत्तावीस वर्षांचा रसायनशास्त्रज्ञ फ्रिजसाठीच्या वायूंवर काम करत होता. एका नळकांड्यातून वायू येईना. वजन केलं तर आत माल शिल्लक दिसत होता. कापून पाहिलं तर पांढरी, मेणचट भुकटी. कार्बनची साखळी आणि तिला चहूबाजूंनी फ्लोरिनने घट्ट वेढलेलं, त्यामुळे दुसरं काही तिला धरतच नाही. मग जिला काहीच चिकटत नाही ती स्वतः भांड्याला कशी चिकटायची? हे कोडं सोडवलं पॅरिसच्या मार्क ग्रेगॉर या इंजिनिअरने, १९५४ मध्ये. त्याने ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग आम्लाने खायला लावून बारीक खड्डे पाडले आणि लेपाला त्या खड्ड्यांत पाय रोवायला लावलं. मासेमारीच्या सामानासाठी चाललेला हा उद्योग तव्यावर न्यायची कल्पना त्याच्या बायकोची, कोलेतची. १९५६ मध्ये टेफाल कंपनी उभी राहिली. आपल्याकडे नॉनस्टिक तवा घराघरात नेला तो औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या भोगले कुटुंबाच्या निर्लेपने. आमच्या दुकानात कित्येक वर्षं बायका नॉनस्टिक तवा मागत नसत, "निर्लेप द्या" म्हणत, मग तो कुठल्याही कंपनीचा असो. २०१८ मध्ये ती कंपनी बजाज इलेक्ट्रिकल्सने घेतली.

तर आच. पॅनमध्ये ओलं काही असेल, भाजी, रस्सा, पोह्यांचा कांदा, तोवर त्यातलं पाणी तापमान फार चढू देत नाही. धोका कोरड्या पॅनचा. मोठ्या बर्नरवर रिकामा पॅन काही मिनिटांतच २६० च्या पुढे जातो. इंडक्शनवर तर त्याहून लवकर, कारण तिथे ज्वाळा दिसत नाही आणि "बूस्ट" नावाचं एक बटण असतं, जे माझ्या मते चहाच्या पाण्याशिवाय कशालाही दाबू नये. साडेतीनशे अंशांच्या आसपास लेप विघटित व्हायला लागतो, त्याच्या धुरामुळे माणसाला तापासारखं कसकसतं, खोकला येतो. दिवसभरात ते उतरतं. पक्ष्यांचं मात्र तसं नाही. त्यांची फुप्फुसं फार नाजूक, पोपट किंवा लव्हबर्ड त्या धुराने मरू शकतो. घरात पिंजरा आहे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी नॉनस्टिक कसलाच देत नाही, साधा लोखंडी किंवा बिडाचा तवा देते. धंदा थोडा कमी होतो. होऊ दे.

उघड्या स्टीलवर रंगीत झाक येते तीही आचेचीच खूण असू शकते. फिकट पिवळी तीनशे अंशांच्या जवळपास दिसायला लागते, जांभळी-निळी चारशेच्या पुढे. बाहेरून तळाला आली तर बिघडत नाही, तिथे ज्वाळाच लागते. आतून आली आणि बाजूचा लेपही निस्तेज, तपकिरी दिसत असेल, तर मी गिऱ्हाइकाशी वाद घालत नाही, पॅन उजेडात धरून दाखवते. ते गप्प होतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मे महिन्यात आहाराबद्दल मार्गदर्शिका काढली, त्यात नॉनस्टिक १७० अंशांच्या वर तापवणं धोक्याचं म्हटलं आहे, आणि मातीच्या भांड्यांची तारीफ केली आहे. ते छापून आलं तेव्हा आठवडाभर आमच्या बाजारात दुसरा विषय नव्हता. १७० आणि २६०, आकड्यांत बरंच अंतर आहे. मला त्यातून कामापुरता अर्थ दिसतो तो असा की मध्यम आचेच्या वर जायचं कारणच ठेवायचं नाही, म्हणजे कुठला आकडा धरायचा हा प्रश्न येत नाही.

शेगडीशेजारी थर्मामीटर कोणी ठेवत नाही. तेलच सांगतं. रिफाइंड शेंगदाणा तेल साधारण २३० अंशांना धुरावतं. त्याचा धूर दिसला म्हणजे लेपाची मर्यादा हाकेवर आली. हल्ली सगळ्यांना लाकडी घाण्याचं तेल हवं असतं. ते १६० च्या सुमाराला, म्हणजे बरंच आधी, धुरावतं. ते वापरणाऱ्यांना इशारा लवकर मिळतो, हे चांगलं. मात्र न गाळलेलं, दाट तेल कडेने लवकर भाजून चिकट होतं आणि रिव्हेटांभोवतीचा तो पिवळा थर त्यानेच भराभर वाढतो. तूप २५० पर्यंत टिकतं. मोहरी धुराच्या आधीच तडतडते, त्यामुळे "फोडणीला तर धूर लागतोच की" ही सबब मला मान्य नाही.

यूट्यूबवर स्टीलच्या पॅनसाठी पाण्याच्या थेंबाची परीक्षा सांगतात: थेंब टाकला की त्याची गोळी होऊन ती पॅनभर पळली पाहिजे, मग तेल. लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने १७५६ मध्ये या प्रकाराबद्दल लिहून ठेवलं. तापलेल्या धातूवर थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि थेंब तिच्यावर तरंगतो. साध्या स्टीलला ही परीक्षा उत्तम. जाळीच्या पॅनला ती लावू नका. गोळी पळायला पॅन दोनशेच्या आसपास लागतो आणि तोवर तेल टाकायची वेळ निघून गेलेली असते. इथे थेंब चर्र करून लगेच उडाला की पुरे. मध्यम आचेवर दीड-दोन मिनिटं, मग तेल, तेल सगळीकडे फिरवून घ्यायचं, ते सैल होऊन लाटा दिसल्या की पदार्थ. थेंब पळायला लागलाच तर गॅस बारीक करून थोडं थांबायचं.

नॉनस्टिक असून तेल कशाला, हा पुढचा प्रश्न. कारण रेषा स्टीलच्या आहेत आणि अंडं, मासा, पनीर यांतली प्रथिनं उघड्या धातूला धरतात. तेल त्या दोघांच्या मध्ये जातं. चमचाभर पुरतं, पण ते हवं. पॅन घरी आणल्यावर पहिल्यांदा कोमट पाण्याने साबण लावून धुवा, पुसा, चमचाभर तेल सगळीकडे चोळून मंद आचेवर दोनेक मिनिटं ठेवा, गार झाल्यावर पुसून टाका. नंतर महिन्या-दोन महिन्यांनी पॅन कोरडा वाटला तर पुन्हा. बिडाच्या तव्याइतकं कौतुक याला लागत नाही, पण अगदी बिनलाडाचंही चालत नाही.

आता कशाला वापरायचा. बटाट्याच्या काचऱ्या यात जशा होतात तशा साध्या नॉनस्टिकमध्ये मला कधी जमल्या नाहीत. स्टीलच्या रेषांवर त्या खरपूस होतात आणि मधल्या लेपामुळे तुकडे न मोडता सुटतात. वांग्याचे काप, रव्यात घोळवलेली सुरमई, पनीर, कांदा-खोबऱ्याचं वाटण परतणं, सगळं छान. मासा टाकल्यावर हलवायचा नाही. खालची बाजू भाजली की तो आपोआप सुटतो, त्याआधी उलथणं घातलं की कातडी पॅनला आणि मासा उलथण्याला. घावन, आंबोळी, डोसा यांना एक फायदा मिळतो. गुळगुळीत नॉनस्टिकवर पीठ डावाबरोबर गोल फिरतं, पसरत नाही. इथे त्याला जरा पकड मिळते. फक्त प्रत्येक डोशानंतर आच कमी करायची आणि ओल्या फडक्याने पुसायचं. थालीपीठ होतं, पण भोकात तेल सोडायला कंजुषी नको. अंड्याचं हाफ फ्राय मंद आचेवर लोण्यात करा, मोठ्या आचेवर ते रेषांना धरणारच.

भाकरी यात करायची नाही. पोळीही नाही. दोन्हींना तवा कोरडा आणि कडक तापलेला लागतो, तीच या लेपाची सगळ्यात वाईट वेळ. शेंगदाणे, रवा, तीळ भाजायलाही नको. काल-परवाच एक काकू म्हणाल्या, "एवढे तीन हजार घालून भाकरी होत नसेल तर काय करायचा?" बरोबर आहे त्यांचं. ज्या घरात शेगडीवर दिवसातून दोनदा भाकरीचा तवा चढतो, तिथे आधी चांगला बिडाचा तवा घ्यावा, मग पैसे उरले तर हा. आणि नुसतं तळणच करायचं असेल तर याची गरज नाही, कुठलीही जाड बुडाची कढई बास.

बाजारात खोटा मालही भरपूर आहे. साध्या ॲल्युमिनियमच्या नॉनस्टिक पॅनवर षट्कोनी नक्षी छापून किंवा ठसा उठवून तो "हनीकोंब" म्हणून विकतात. रेषाही लेपाच्याच असतात, स्टील कुठेच नाही. वरून तो इतका सारखा दिसतो की घाईत मीही ओळखणार नाही. पॅन हातात घेऊन उजेडात तिरका धरा: खऱ्याच्या रेषा धातूसारख्या लखलखतात. नख फिरवा, रेषा लागल्या पाहिजेत. तळाला चुंबक लावा. काउंटरवर मी एक ठेवलेलाच असतो. पण चुंबकावर पूर्ण भरवसा नको, कारण ॲल्युमिनियमच्या पॅनच्या तळाला इंडक्शनसाठी स्टीलची चकती ठोकतात आणि तीही चुंबक धरते. सगळ्यात पक्की परीक्षा आमच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनने करून दाखवली. त्याने मल्टीमीटर बीपवर लावला आणि दोन टोकं दोन लांबच्या रेषांवर टेकवली. स्टील उघडं असेल तर वीज वाहते, बीप वाजतो. लेप वीज वाहू देत नाही, त्यामुळे छापील जाळीवर तो मुका राहतो. तेव्हापासून घाऊक माल घेताना एक मल्टीमीटर माझ्या पिशवीत असतो, आणि एका व्यापाऱ्याने तो पाहून विषयच बदलला होता. स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा आदेश केंद्र सरकारने २०२४ मध्ये काढला आहे; ते चिन्हही पाहून घ्यावं.

खोक्यावर "पीएफओए-फ्री" मोठ्या अक्षरांत असतं. हे पीएफओए म्हणजे लेप तयार करताना कारखान्यात वापरलं जाणारं रसायन. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळ ड्यूपाँच्या कारखान्यातून ते पाण्यात गेलं, गुरं मेली, आणि रॉब बिलॉट या वकिलाने वर्षानुवर्षं कोर्टात झगडून ते उघडकीला आणलं. २०१९ चा 'डार्क वॉटर्स' हा सिनेमा त्याच्यावरच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये पीएफओएला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. पण मोठ्या अमेरिकन कंपन्यांनी त्याचा वापर २०१५ पर्यंतच थांबवला होता. त्यामुळे आज त्या स्टिकरवरून फारसं काही कळत नाही. पीटीएफई स्वतः ज्या रसायनांच्या घराण्यातलं आहे, त्या पीएफएएसबद्दल वाद चालू आहेत. ही रसायनं निसर्गात मोडत नाहीत, हा त्यांच्यावरचा मुख्य आक्षेप. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याने १ जानेवारी २०२५ पासून अशा भांड्यांच्या विक्रीवर बंदी घातली. फ्रान्सनेही त्याच वर्षी कायदा केला, पण तव्या-पॅनना त्यातून वगळलं. टेफालचं माहेर ते, कामगार रस्त्यावर आले होते. हेक्सक्लॅडनेही २०२४ मध्ये पीटीएफई सोडून सिरॅमिक लेप आणला. सिरॅमिक लेपात फ्लोरिन नसतं, तो वाळूच्या कुळातला, सिलिकाचा. जास्त आच सोसतो, मात्र त्याचा निसरडेपणा लवकर जातो. दोन्ही मी विकते आणि दोन्हींबद्दल हेच सांगते. पॅनमधून सुटलेला पीटीएफईचा कण पोटात गेला तर तो पचत नाही, तसाच बाहेर पडतो. तेवढ्यासाठी घाबरून दवाखान्यात जाऊ नये.

धुण्याचा विषय काढला की गिऱ्हाईक म्हणतं, "ते मावशी करतात." बरोबर, म्हणूनच ते मावशींना सांगायला हवं, मला नाही. त्यांच्यासमोर दिवसाला पाच-सहा घरांची भांडी असतात, हातात तारेची घासणी आणि पावडर, आणि प्रत्येक पॅनचं गोत्र विचारायला वेळ नसतो. घासणी वेगळी आणून पॅनमध्येच ठेवून दिली, मऊ जाळीची, तर काम सोपं होतं. तारेची घासणी बाहेरून चालेल, आतून नाही. स्टीलचं सपाट उलथणं आत चालतं. काट्याचं टोक, सुरी, पिझ्झा कापायचं चाक चालत नाही, कारण टोक रेषांच्या मधल्या घरात शिरतं.

तापलेला पॅन नळाखाली धरायचा नाही, आवाज कितीही आवडत असला तरी. ॲल्युमिनियम तापल्यावर जितकं वाढतं त्याच्या निम्म्याहूनही कमी ४३० चं स्टील वाढतं; एकदम गार पाणी पडलं की हे थर एकमेकांना ओढतात आणि तळाला पोक येतं. गॅसवर ते लक्षातही येत नाही, इंडक्शनवर पॅन डुलायला लागतो. गार होऊ द्या, मग कोमट पाणी.

आणि आता "चिकटतोय" या तक्रारीचं सगळ्यात साधं कारण. बऱ्याचदा लेप शाबूत असतो, त्याच्यावर भाजलेल्या तेलाचा पातळ पारदर्शक थर बसलेला असतो. रोज नीट न निघालेलं तेल पुन्हा पुन्हा तापून कडक होतं आणि चिकटतं ते त्या थराला. पॅनमध्ये पाणी घ्या, दोन चमचे खायचा सोडा टाका, मंद उकळी येऊ द्या, पाच-दहा मिनिटं ठेवून गार झाल्यावर मऊ घासणीने चोळा. मी दुकानाच्या मागच्या गॅसवर गिऱ्हाइकासमोर हे करते आणि निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. स्प्रेच्या डब्यातलं तेल वापरत असाल तर थांबवा. त्यातलं लेसिथिन हा थर फार चिवट करतं. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगरच्या पाण्याने जातात, लिंबानेही. मीठ गार पाण्यात टाकून तसंच ठेवलं की स्टीलला बारीक टिपके पडतात, ते मात्र जात नाहीत. मीठ पाण्याला उकळी आल्यावर टाकायचं. आमटी किंवा चिंचेचं सार रात्रभर पॅनमध्ये ठेवायचं नाही. तांब्या-पितळेची पावडर याच्या जवळही नेऊ नका. एकात एक रचायचे असतील तर मध्ये जुन्या साडीचा तुकडा.

लेप एक दिवस जाणार, याबद्दल शंका नको. साध्या नॉनस्टिकपेक्षा हा बराच जास्त चालतो, नीट वापरला तर. घरांमधला लेप पापुद्रे सोडू लागला किंवा स्टील जागोजागी उघडं पडलं की अंडी-घावन बंद करून टाका. पापुद्रे सुटत नसतील, नुसता निसरडेपणा गेला असेल, तर कांदा परतायला, भाजीला तो पुढेही चांगला स्टीलचा पॅन म्हणून चालतो. ट्रायप्लायचे पैसे काही वाया जात नाहीत. त्याच्याही पुढे मोड. मोडीत तीन थरांचा माल भंगारवाल्याला आवडत नाही, कारण स्टील आणि ॲल्युमिनियम वेगळं करता येत नाही. आमच्याकडे एक्स्चेंजमध्ये जुना पॅन घेतो, पण त्याचं वजन निव्वळ स्टीलच्या दराने लावत नाही. हे आधीच सांगून ठेवते, नंतर काउंटरवर वाद नको.